कुंभारवाड्याच्या भिंतीवरची बस

कर्नाटकातल्या रामनगरात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, निवडणूक, सगळ्यांचे फलक मी कॉम्प्युटरवर तयार करते. पुढाऱ्यांचे चेहरे उजळायचे आणि हनुवटीखालच्या वळ्या पुसायच्या, हे माझं रोजचं काम. हातात ब्रश धरायची सवय सुटलीच होती. ती परत लागली माझ्या काकीमुळे.

काकी माझ्या माहेरी, कुंभारवाड्याला राहते. तिच्या गुडघ्यांचं औषध तालुक्याला, जोयड्यात मिळतं. ती सकाळी आवरून फाट्यावरच्या बसच्या शेडमध्ये जाऊन बसायची. बस आली तर जोयडा, नाही आली तर येणाऱ्याजाणाऱ्याची खबरबात घेऊन दुपारी घरी. बहुतेक वेळा घरीच. गावानं बसच्या खात्याकडे अर्ज केले. आधी रस्ता खराब आहे असं उत्तर आलं. रस्ता झाल्यावर उत्तर आलं की या मार्गावर प्रवासीच नाहीत.

हे काकीला फार लागलं. मी माहेरी गेले तर ती चहा टाकतानाही तेच घोकत होती. "प्रवासी न्हाईत म्हणं. मग मी तिथं बसती ती कोण, भूत?"

मला हसू आलं, पण डोक्यात चक्र सुरू झालं. पुढच्या खेपेला मी दुकानात उरलेले ऑइल पेंटचे डबे घेऊन गेले आणि शेडच्या मागच्या भिंतीवर लाल बस काढायला लागले. भिंतभर लांब, खिडक्या मोठ्या, आत गावातली खरी माणसं.

पहिल्या खिडकीत काकी बसली. मग बातमी पसरली आणि भात मळायचं सोडून लोक आपापली जागा धरायला आले. बांधावरून अबोला धरलेले दोन शेजारी होते. दोघांनाही खिडकी हवी, पण एकमेकांजवळ बसायचं नाही. मी दोघांच्या मधल्या खिडकीत भाताचं पोतं उभं केलं, तेव्हा दोघांचं समाधान झालं. एका म्हाताऱ्यानं कुत्र्यासाठी जागा मागितली. तिकीट काढणार का, असं मी विचारलं, तर अर्धं काढतो म्हणाला.

बसची पाटी कोणत्या भाषेत लिहायची यावरून मात्र खरी वादावादी झाली. एक कानडी म्हणे, दुसरा मराठी, तिसऱ्याला कोंकणी पाहिजे. मी ब्रश धरून उभीच. शेवटी काकी म्हणाली, "आधी गाडी येऊ दे, मग वाचू." मी पाटी कोरी ठेवली. ड्रायव्हरची जागाही मोकळीच राहिली, कारण त्याचं तोंड कुणाला नीट आठवेना.

चित्राचा फोटो मोबाईलवरून जोयड्यापर्यंत पोचला. माझं एक गिऱ्हाईक, एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता, जीप घेऊन आला. मोकळ्या जागेवर आमच्या साहेबांना बसवा, रंग आम्ही देतो, असं त्याचं म्हणणं. गावकऱ्यांनी बसून विचार केला आणि होकार दिला. अट एकच घातली: साहेबांनी आधी जोयड्याहून इथपर्यंत बसनं यावं. विचारून सांगतो म्हणून तो गेला तो परत आला नाही.

त्यानंतर बसच्या खात्यातले एक अधिकारी आले. हे चित्र म्हणजे खात्याची थट्टा आहे, पुसून टाका, असं ते शांतपणे सांगत होते. दुकान चालवणारी बाई मी, मला कशाला सरकारी भानगड? मी टर्पेंटाइनची बाटली शोधायला वाकले, तेवढ्यात काकी उठली.

"प्रवासी न्हाईत असं तुमीच लिवलंय न्हवं? मग ही कोण बसल्यात बघा जरा."

अधिकाऱ्यांनी भिंतीकडे बघितलं, मग मागे वळले. चित्रातली सगळी माणसं तिथंच उभी होती, त्याच कपड्यांत, काहीजण तर चित्रातल्यासारखीच मान वाकडी करून. कुत्राही होता. ते बराच वेळ एकेका खिडकीशी एकेक चेहरा जुळवत राहिले. पोत्याच्या दोन बाजूंच्या शेजाऱ्यांपाशी आल्यावर त्यांना हसू आवरेना. पुसायचा विषय पुढे कुणी काढला नाही. जाताना त्यांनी गावाचा अर्ज परत एकदा मागून घेतला.

भाताची मळणी उरकेपर्यंत सकाळची बस यायला लागली. रोज नाही, पण माणूस भरवसा ठेवील इतकी. चित्रामुळे की अर्जामुळे, देव जाणे. गावात मात्र सगळं श्रेय मलाच मिळालं आणि त्याचा त्रासही मलाच झाला. अणशीच्या बाजूचे दोघे एकदा दुकानात आले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, वाढदिवस की बारसं?

"तसलं काय न्हाई, ताई," त्यातला एक म्हणाला. "आमच्यात फोनला रेंज न्हाई. पाण्याची टाकी हाय मोठी. तिच्यावर टॉवर काढून देशील?"

रविवारी जाऊन मी टाकी बघून आले. जागा चांगली आहे. शिडी मात्र उंच लागणार.