मावशी ओळख दाखवत नाही

माझी मावशी एकोणीस वर्षं एका समुपदेशक मॅडमच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. तिथं येणारं माणूस बाहेर कुठं दिसलं की ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागते. आई वैतागते. "हिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे फरार आरोपीबरोबर फिरणं. कधी कुठल्या गल्लीत वळेल, नेम नाही!"

"अगं, मी हसले आणि बरोबरच्यानं विचारलं, 'या कोण?' तर त्या बिचाऱ्यानं काय सांगायचं?" मावशी म्हणते.

क्लिनिकमध्येही ती दोन भेटींच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवते. जाणारा आणि येणारा जिन्यात समोरासमोर येऊ नयेत म्हणून.

तिथल्या वेळा नोंदवायचा प्रोग्रॅम मी लिहिला, ऑनलाइन पानही मीच सांभाळायचो. एका सकाळी तिथं पाचपैकी एकच तारा पडला, खाली एका बाईंचं पूर्ण नाव आणि फोटो. "रिसेप्शनवरची बाई माणूसघाणी आहे. औषधाच्या दुकानात मी हसले, तिनं मान फिरवली. अशा ठिकाणी मन मोकळं करायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी आणि माणूसघाणी! मी प्रोग्रॅममध्ये नाव शोधलं, पुढची मावशीची नोंद वाचली आणि उत्तर ठोकलं: "ताई, तुम्ही दर गुरुवारी चारला येता. तुम्हाला उकडतं म्हणून मावशी पंखा आधीच लावून ठेवते. तुमची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणूनच तिनं ओळख दाखवली नाही." (वार आणि वेळ इथं बदलली आहे. आता शहाणा झालोय.)

चाळीस मिनिटांनी मावशीचा फोन. "काढ ते. आधी काढ, मग बोल."

मी काढलं. "पण मावशी, त्यांनी स्वतःच लिहिलंय की त्या येतात."

"त्यांनी सांगितलं तो त्यांचा हक्क. आपण नुसतं हो म्हणालो तरी ती चुगली. आणि तू तर वारासकट दवंडी पिटलीस, शहाण्या."

"तुला माणूसघाणी म्हणाल्या म्हणून..."

"त्यानं माझ्या अंगाला भोकं पडली नाहीत." मग हळू आवाजात म्हणाली, "ती हसली होती रे. मी पाहिलं होतं. आज ना उद्या ती स्वतःहून कुणाकडं बघून हसेल, याची आम्ही सहा महिने वाट बघत होतो. आता ती आलीच नाही तर?"

मॅडमनी माझा पासवर्ड काढून घेतला. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. उत्तर चाळीस मिनिटं दिसत होतं, हे त्या बाईंना स्वतः फोन करून सांगणार होत्या. "आणि तो तारा?" मी विचारलं. "तो राहील. तो काढा म्हणून त्यांना कुणी एका शब्दानं सांगायचं नाही." मी माफीची चिठ्ठी लिहिली, पाच ओळींची, नाव न घालता. मावशीनं ती पर्समध्ये ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या दारातच उभा होतो. "आल्या होत्या?"

"कोण?"

"मावशी, प्लीज."

"हात धू. जेवायला बस."

मी ताटात नुसता चिवडत बसलो. तिनं मात्र दोनदा भात घेतला. त्यावरून काही ठरवावं का, कळेना.

शनिवारी तिनं मला क्लिनिकमध्ये बोलावलं. कॉम्प्युटरवर पहिल्या भेटीचा कोरा फॉर्म उघडला होता, ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "शेवटी एक प्रश्न घाल. 'आपण बाहेर भेटलो तर ओळख दाखवू का?' खाली तीन चौकोन. हो. नको. आणि 'मी आधी हसले तर.'"

माझी बोटं थांबली. "हा तिसरा चौकोन कुणी सुचवला?"

"पुरुषही येतात इथं," मावशी म्हणाली. "'हसलो'सुद्धा लिही."

"मावशी, कुणी सुचवला?"

"तुझं काम टाइप करायचं," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.