बत्तीस दातांचा अर्ज

अर्ज लिहिणे निराळे आणि अर्ज वाचणे निराळे. निपाणीत ज्या सरकारी कचेरीपुढे मी चोवीस वर्षे बसलो, तिथल्या चिंचेखालची रीत अशी होती की, अर्ज लिहून झाला म्हणजे लिहिणाराने तो उभ्याने आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. अर्जदार ऐकायचा, त्याच्याबरोबर गावाहून आलेली माणसे ऐकायची, चहावाला किटली खाली ठेवून ऐकायचा. वाचन पसंत पडले की अर्जदार अंगठा उठवायचा आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघेतिघे आपापले गाऱ्हाणे घेऊन माझ्या लिहिण्याच्या पेटीपुढे येऊन बसायचे. अक्षर कुणी पाहत नसे. माझे अक्षर मोत्यासारखे होते हे मी स्वतः सांगणे शोभत नाही. परंतु ते सांगू शकेल असा दुसरा साक्षर माणूस त्या गर्दीत नसल्यामुळे मलाच सांगावे लागते.

माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले. फायनलला गणित राहिले. तथापि मराठी, कानडी आणि कामापुरते इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून मी सरकारपुढे नम्र होऊ शकत असे, आणि त्या आवारात एवढी विद्या पुरेशी होती.

राज्याचे म्हैसूर हे नाव जाऊन कर्नाटक हे नाव आले, त्यानंतर तीनचार वर्षांनी माझे वरचे पुढचे दोन दात गेले. तंबाखूच्या गावात जन्म घेऊन तंबाखूला पाठ दाखवणे मला कधी जमले नाही. तिने दात आधीच पोखरले होते. उरलेले काम एका फुटाण्याने केले. त्याच दिवशी दुपारी तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका आक्काचा अर्ज वाचायला मी उभा राहिलो. "सविनय सादर" एवढे म्हणेपर्यंत तोंडातून अशी शीळ निघाली की, कचेरीच्या पायरीवर झोपलेले कुत्रे उठून माझ्याकडे आले.

आक्का म्हणाली, "अण्णा, ह्यो साह्यबाचा अर्ज हाय का कुत्र्याला हाक?"

चिंचेखालची सगळी माणसे हसली. हसण्याचे मला वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की, माझ्यासमोर दहा हातांवर आमच्याच धंद्यातले एक आप्पा बसत. तलाठ्याच्या हाताखालून निवृत्त झालेले, अक्षर कोंबडीच्या पायाचे, परंतु आवाज देवळातल्या घंटेसारखा. आक्काने तो अर्ज माझ्या हातून घेतला आणि वाचायला आप्पांकडे दिला. आप्पांनी माझा मजकूर माझ्यादेखत वाचला, आणि वाचून झाल्यावर तीन माणसे त्यांच्या पेटीपुढे बसली. आठवडाभर हेच चालले. लिहायचे मी आणि गिऱ्हाईक त्यांचे. दात बसवले नाहीत तर दिवाळीपर्यंत माझी जागा जाणार, हे मला स्पष्ट दिसू लागले.

प्रथम मी बेळगावला गेलो. कॅम्पात दातांचे एक मोठे डॉक्टर होते; त्यांच्याकडे लष्करातले साहेब आणि त्यांच्या मडमा जात. त्यांनी तोंडात आरसा घालून पाहिले आणि सांगितले की, पाच दात वाईट आहेत, ते काढून तिथे नवे बसवावे लागतील. मग त्यांनी एक आकडा सांगितला. मी तो घरी येऊन बायकोला सांगितला.

"आवं, तेवढ्यात दुभती म्हस येती," ती म्हणाली. "तुमी आपलं दूध पिऊन ऱ्हावा. दात लागायचंच न्हाईत."

उपाय तिच्याच भावाने काढला. तो कोल्हापुरात नोकरीला होता. तिथे एका धर्मादाय संस्थेचा दातांचा दवाखाना असून गरिबांना तिथे औषधापुरतेच पैसे पडतात, असे त्याने कळवले. मात्र परराज्यातील रुग्णांनी संस्थेच्या समितीकडे आगाऊ लेखी अर्ज करायचा, असा नियम होता.

या नियमात माझ्यापुढे दोन गोष्टी आल्या. पहिली अवघड होती. निपाणी महाराष्ट्राचीच आहे, असे मी वीस वर्षे प्रत्येक मराठी अर्जाच्या माथ्यावर या ना त्या शब्दांत लिहीत आलो होतो, आणि आता सवलतीसाठी मला त्याच महाराष्ट्रापुढे परका म्हणून उभे राहायचे होते. रात्रभर विचार करून मी 'परराज्यातील' या शब्दापुढे 'तात्पुरते' असे लिहिले आणि मनाचे समाधान केले. दुसरी गोष्ट सोपी होती. अर्ज करायचा होता, आणि अर्ज मला येत होता.

अर्जाचे एक शास्त्र आहे. सरकार मागितलेले कधी देत नाही. मागितल्याच्या पावपट देते. म्हणून पाव पाहिजे असेल त्याने पूर्ण मागावे. कुंपणाची एक बाजू पडली असेल तर घर पडले असे लिहावे. मग कुंपणापुरते मिळते. हे खोटे नव्हे, हा हिशेब आहे, आणि देणाराला व घेणाराला तो दोघांनाही माहीत असतो. माझे पाच दात वाईट होते. त्यावरून मी असे लिहिले:

"सदर अर्जदाराचे बत्तीसच्या बत्तीस दात मुळापासून हलत असून, त्यामुळे अन्न चावणे सर्वस्वी अशक्य झाले आहे, आणि गेले सहा महिने अर्जदार केवळ पेजेवर प्राण धरून आहे. तरी वरची व खालची अशी संपूर्ण कवळी बसवून देण्याची कृपा व्हावी."

तीन प्रती केल्या. एक समितीला, एक डॉक्टरांना आणि एक माहितीसाठी संस्थेच्या पहारेकऱ्याला. कारण खालच्या माणसाला विसरले की कागद दारातच अडतो, हा माझा अनुभव.

वीस दिवसांनी उत्तर आले. मी ते चिंचेखाली उघडले. "आपल्या अर्जाप्रमाणे वरची व खालची संपूर्ण कवळी विनामूल्य मंजूर करण्यात येत आहे." मी पुन्हा वाचले. चोवीस वर्षांत माझ्या हातून हजारो अर्ज गेले असतील, पण मागितले तेवढे पूर्ण मंजूर झालेला हा पहिलाच. मी ते पत्र चहावाल्याला दाखवले, शिपायाला दाखवले, शीळ घालत का होईना पण मोठ्याने वाचून दाखवले. आठ दिवसांत ही बातमी आजूबाजूच्या खेड्यांत गेली. पेटीपुढे पुन्हा रांग लागली. माणसे म्हणू लागली, "ह्या अण्णाच्या हाताला लई गुण हाय. मागंल तेवढं मिळतंय."

एके दुपारी आप्पा पान लावत लावत म्हणाले, "अभिनंदन, अण्णा. पर आता सगळंच काढाय लागतील की हो."

"काय सगळे?"

"दात. बत्तीस. कवळी बसवायची म्हंजे जागा मोकळी नको व्हय?"

हे माझ्या ध्यानात आले नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. माझे लक्ष अर्जावर होते. आता परत फिरण्याचीही सोय नव्हती. पाचच दात वाईट होते असे कबूल करावे, तर ज्या पत्रामुळे रांग लागली तेच पत्र फसवणुकीचे ठरत होते. आणि चांगले दात सांभाळून नुसते घरी बसावे, तर फटीतून शीळ चालूच राहणार होती. मी कागलमार्गे कोल्हापूरची एसटी धरली.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. चष्म्यातून त्या आधी माझ्याकडे, मग हातातल्या अर्जाकडे आणि मग माझ्या तोंडात पाहत होत्या.

"यात लिहिलंय, बत्तीस हलतात. इथं सव्वीसच आहेत."

"सहा अर्ज पोचेपर्यंत गेले, बाई."

"आणि खालचे तर दगडासारखे घट्ट आहेत हो. काढायचेत तुम्हाला?"

त्या क्षणी खरे बोललो असतो तर पुढचे काहीच झाले नसते. परंतु तोंडात त्यांचे बोट होते, समोर माझ्या हस्ताक्षरातला माझाच अर्ज होता, आणि स्वतःच्या अर्जाविरुद्ध साक्ष देण्याची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "अर्जात लिहिल्याप्रमाणे व्हावे."

"समितीनं मंजूर केलंय, मी काय बोलणार?" बाई म्हणाल्या. "वरून सुरुवात करू."

तीन खेपांत वरची फळी गेली. त्यात जे पाच खरोखर वाईट होते ते पहिल्याच खेपेला निघाले, आणि पुढच्या दोन खेपांना निर्दोष दात गेले, याचे मला आजही वाईट वाटते. तिसऱ्या खेपेला परत येताना हद्दीवरच्या नाक्यावर पोलिसाने एसटी थांबवली. माझे गाल फुगलेले आणि तोंड घट्ट मिटलेले पाहून त्याने विचारले, "ए, तोंडात काय लपीवलंस?" आत कापूस होता आणि बोलायची मनाई होती. मी पिशवीतून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून त्याला रीतसर अर्ज लिहून दिला: विषय, दातांच्या शस्त्रक्रियेबाबत. त्याने तो उलटा धरून नीट पाहिला आणि म्हणाला, "जाऊ द्या रं, शिकलेला माणूस दिसतोय."

हिरड्या भरून येईपर्यंत मी खरोखरच पेजेवर होतो. अर्जातले खोटे असे एकेक करून खरे होऊ लागले, तेव्हा मात्र मला भीती वाटली. एके संध्याकाळी बायको दारात बसून उसाचे कांडे सोलत होती. मी शेजारी माझी पेज घेऊन बसलो होतो.

"खालचं कवा काढनार?" तिने विचारले.

"येत्या सोमवारी."

"सगळं?"

"सगळे."

तिने उसाची साल दातांनी ओढली. कडाडकन आवाज झाला. "जल्मभर लोकांचं अर्ज लिवलंसा," ती म्हणाली, "आता सोताचा एक खरा लिवा की. खर्च काय हाय त्याला? कागद घरचा, शाई घरची."

त्या रात्री मी माझ्या आयुष्यातला सर्वांत लहान अर्ज लिहिला. त्यासाठी सगळ्यात जास्त कागद फाटले. "मागील अर्जात बत्तीस दात लिहिले, ते अर्ज लिहिण्याच्या रीतीप्रमाणे लिहिले. प्रत्यक्षात पाच वाईट होते. ते निघाले. खालचे चांगले आहेत. ते राहू द्यावेत." माथ्यावर 'परराज्यातील' लिहायचे राहून गेले, घाईत माझ्या ध्यानात आले नाही.

सोमवारी बाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढला.

"मग पहिल्या वेळी पाच का नाही लिहिलंत?"

"पाच लिहिले असते तर आपण एक मंजूर केला असता."

"अहो, आम्ही पाच काढले असते." त्यांचा आवाज वर गेला. "इथं जेवढं दुखतं तेवढंच काढतात. तोंड आहे हे, कचेरी नव्हे! पहिल्या दिवशी मी विचारलं नव्हतं का तुम्हाला?"

जेवढे मागावे तेवढेच देणारी जागा जगात असेल, ही कल्पना माझ्या शास्त्रात कुठे बसतच नव्हती. बाईंनी कागदावर काही लिहिले, तो समितीच्या सहीला पाठवला आणि म्हणाल्या, "वरची कवळी घेऊन जा. खालच्यांना तंबाखूपासून जपा. त्यांच्यासाठी आता मी अर्ज घेणार नाही."

महिन्याभराने वरची कवळी मिळाली. पहिल्या दिवशी ती घालून चिंचेखाली गेलो तेव्हा चहावाल्याने तोंडाजवळ येऊन पाहिले. "वरचं महाराष्ट्रातलं आनि खालचं कर्नाटकातलं. अण्णा, जेवताना दोघांची मारामारी हुईत न्हाई व्हय?" आप्पाही हसले. मी त्यांना सगळे खरे सांगितले: पाच, बत्तीस, सव्वीस, आणि मधे काय झाले ते. आप्पा बराच वेळ हसले, आणि मग कसे कोण जाणे, गंभीर होऊन म्हणाले, "बाई पावली तुमाला. माझ्या जावयाचं तर चष्म्याच्या अर्जावर डोळ्याचं ऑपरेशन मंजूर झालं हुतं."

थोड्या वेळाने तीच वखारीतली आक्का आली. तिच्या गल्लीत नळ नव्हता, तो मागायचा होता.

मी दौत उघडली आणि सवयीने विचारले, "किती लिहू?"

"चार लिवा की. नेमीप्रमानं."

टाक कागदावर टेकला आणि थांबला. मी मान वर करून, या धंद्यात आल्यापासून पहिल्यांदाच, अर्जदाराला विचारले, "खरे किती पाहिजेत?"

ती दचकली. तिने आजूबाजूला पाहिले, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग हळूच म्हणाली, "खरं व्हय? खरं तर एकच. पर माझ्या दारात पायजे. त्या कोपऱ्यावरचीच्या दारात नगं."

मी विचार केला. समोर कचेरी होती, दवाखाना नव्हता. मी चार लिहिले. परंतु पहिला नळ तिच्या दारात, हे मी नावगावानिशी वेगळ्या ओळीत लिहिले. मग उभा राहिलो, कवळी जिभेने वर दाबून घट्ट केली, आणि "सविनय सादर" पासून शेवटच्या "आपला आज्ञाधारक" पर्यंत अर्ज वाचला. एकही शीळ निघाली नाही. कुत्रे पायरीवर झोपूनच राहिले.

आक्काने अंगठा पुढे केला.