संकेश्वरी मिरचीवरचे फुलकिडे

निघाले त्या दिवशी आईनं शेवंतीची वेणी केली होती. गडमुडशिंगीच्या आमच्या शेतापासून विमानतळ जवळ, त्यामुळं निरोपाला भावकी चालतच आली. मी वेणी घेतली नाही. म्हटलं, फुलांत फुलकिडे असतात, ऑस्ट्रेलियात उतरू देत नाहीत. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढी शिकलीस आन् फुलाला भितीस व्हय?" लोक हसले. मीही हसले आणि आत गेले.

फुलकिडे ओळखणं हेच माझं काम. ब्रिस्बेनच्या एका संग्रहालयात मी त्यांच्या जाती ठरवते. गावाकडच्यांना अजून ते नीट कळलेलं नाही आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनाही नाही, म्हणून एकदाचं लिहिते. तिळाहून बारीक किडे, पंखांना केसांची झालर. जगात त्यांच्या हजारो जाती आहेत. काही वाळक्या फांद्यांवरची बुरशी खातात, काही पिकावरच्या लाल कोळ्यांना खातात, काही या फुलातले पराग त्या फुलात नेतात. पिकाच्या मुळावर उठणाऱ्या मूठभरच. शेतावर मात्र सगळ्यांना एकच नाव आणि एकच फवारा.

त्या मूठभरांतली एक जात आमच्या मिरचीवर आली.

आई संकेश्वरकडची. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या मिरचीचं बी घेऊन आली आणि दरवर्षी बांधाजवळ एक वाफा तिनं त्या मिरचीसाठी राखला. लांब, सरळ फळं बियांसाठी वेगळी वाळवायची. पुढच्या हंगामात लागेल तेवढं बी टाकायचं, उरलं तर चटणीत कुटायचं. शिळं बी घरात ठेवणं तिला आळशीपणाचं लक्षण वाटतं. माहेरी आता सगळा ऊस. ते बी आणखी कुणाकडं नाही.

धाकट्या भावाचा, विलासचा फोन आला. "आक्का, मिरचीची पानं वाटीगत वळाय लागल्यात. फुलं गळत्यात."

फोटोवरून जात कळत नाही. म्हटलं, पांढऱ्या कागदावर फूल झटक, पळतील ते किडे स्पिरिटच्या बाटलीत टाक.

"आई रोज देवाला वाहायच्या आधी फुलं झटकती. ती बी शास्त्रज्ञच म्हनायची की मग!"

बाटली कोल्हापुरातल्या एका कॉलेजात गेली. तिथल्या बाईंनी स्लाइड करून सूक्ष्मदर्शकातले फोटो मला पाठवले. शिंगांचे पेर मोजले. पोटाच्या आठव्या वळ्यावर केसांची कंगवी शोधली, नव्हती. मिरचीवरची नेहमीची जात नव्हे. पूर्वेकडच्या देशांतून अलीकडं आलेली. नाव पक्कं केलं आणि घरी फोन लावला.

"म्हंजे परदेशी की," विलास म्हणाला. "मग तुझ्या वळखीची असंल. जा म्हनावं तिला."

मागून आईचा आवाज आला, "नाव घिऊन काय करायचं? बारसं घालायचंय व्हय त्येचं? औषध सांग."

औषध मला सांगता येईना. दुकानदारानं दिलेलं विलासनं आधीच मारलं होतं. त्यात या किडीला खाणारे, ढेकणाच्या कुळातले बारीक किडे मेले आणि कीड राहिली. निळे चिकट सापळे, निंबोळी अर्क, वळलेले शेंडे खुडणं, जे माहीत होतं ते सांगितलं. त्यानं सगळं केलं. आईनं वाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणली. तिच्या भोकांतून हे किडे आरामात जातात, असं मी सांगितलं. तिनं ती काढली नाही.

मी रोज फोनवर वाफा बघत होते. रजा काढून जावं असं मनात आलं. जाऊन काय केलं असतं? हेच सगळं जवळ उभं राहून सांगितलं असतं.

फळं धरली ती वाकडी, खरबरीत. बी पोचट, तपकिरी. आईनं तेच पुढच्या हंगामात टाकलं. एकही रोप वर आलं नाही.

"पुन्हा टाकून बघ," मी म्हणाले.

"काय टाकू? मूठ रिकामी हाय."

चटणीला मिरची बाजारातनं आणली. आईचं म्हणणं, तिखट हाय, वास न्हाय.

ती स्लाइड कॉलेजच्या कपाटात आहे. राळेत बसवलेली कीड पिढ्यान् पिढ्या टिकते. चिठ्ठीवर लिहिलंय: गडमुडशिंगी, मिरचीवर. खाली ओळख पटवणारी म्हणून माझं नाव.

घर कुठलं, असं इथं विचारतात तेव्हा मी कोल्हापूर म्हणते. खरं तर आता ते विलासनं उभ्या धरलेल्या फोनमध्ये मावतं. परवा आईनं त्या वाफ्यात मेथी टाकलेली दाखवली. वाकून एक पान उलटं केलं, फोनपुढं धरलं.

"बघ गं, यात किडं न्हाईत न्हवं?"

एवढ्या लांबून, फोनवर, काही दिसत नाही. हिरवं दिसतं तेवढंच.

"न्हाईत," मी म्हणाले.