बाबांच्या मांडीवरची बरणी

संक्रांतीला पानिपतला जाऊन काला अंबच्या युद्धस्मारकापुढे डोकं टेकवायचं आणि मगच तिळगूळ खायचा, हा माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आल्यापासूनचा नेम. या वर्षी मात्र त्यांची कंबर धरली होती. बुटांच्या नाड्यासुद्धा मीच बांधत होते. त्यात आमची गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवर धाडकन आपटायची. सासूबाईंनी फर्मान काढलं, "या खटाऱ्यातून जायचं नाही." बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ते असे रुसले की मला घर खायला उठतं.

नवऱ्याने गाडी करोल बागेत नेली. मिस्त्रीने हादरे झेलणारे पुढचे दोन्ही शॉकर बदलले आणि म्हणाला, "अब मक्खन चलेगी, जी." सासूबाईंचा त्या मक्खनवर काडीचाही विश्वास बसला नाही.

माझी लेक नववीत. शाळेत सस्पेन्शनचा, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या कणांचा, धडा चाललेला, म्हणून तिने बरणीभर पाण्यात पिठी कालवून ठेवली होती. पिठी कुठली, तर पुण्याहून मागवलेली माझी मोदकांची! मी ओरडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "यार आई, ऐक तर! पिठी खाली बसलीये, पाणी बिल्कुल क्लिअर आहे. गाडीने झटके दिले तर ते परत पांढरं होईल. आजी, चलो, तूच चेक कर!"

सासूबाई बरणी मांडीवर घेऊन कॉलनीभर फिरल्या. नवऱ्याने एकही स्पीडब्रेकर सोडला नाही. पिठी जराशी हलली आणि पुन्हा बसली. "जा," त्या म्हणाल्या, "पण बरणी घेऊन." मला तर नाचावंसंच वाटलं.

बाबांनी ती पानिपतपर्यंत देव्हाऱ्यातल्या देवासारखी सांभाळली. धुक्यातून गाडी जेमतेम सरकत होती, तरी त्यांचं "अरे, हळू!" चालूच. आम्ही पोचलो तेव्हा पाणी नितळ होतं. बाबांनी स्मारकापुढे डोकं टेकवलं आणि पहिला तिळगूळ नातीला भरवला.

घरी परतलो तेव्हा बरणीत नुसतं दूध दिसत होतं. "बघा! बसलेच ना हिसके?" सासूबाई दारातच कडाडल्या.

"आजी, गाडीने काही नाही केलं," लेक खिदळत म्हणाली. "येताना आम्ही भेंड्या खेळत होतो ना, आजोबांनी बरणीचा तबला केला!"

"आणि कंबर?"

बाबांनी बरणी त्यांच्या हाती दिली, हळूहळू वाकले आणि बुटांच्या नाड्या स्वतः सोडल्या. "आई गं" म्हणाले खरे, पण हसत.