माहेरचं लाकूड

बुर्गलला एकदा लेर्खहोफला जायचं होतं. दरीच्या पार वरच्या टोकाचं तिचं माहेर भाऊ गेल्यापासून कुलूपबंद पडलं होतं आणि ती चढण आता तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. मुलगा कासियान दर उन्हाळ्यात म्हणायचा, "आई, गवत कापून झालं की नेतो तुला." गवत कापून व्हायचं, मग गाय व्यायची, मग बर्फ पडायचा. पोराचं तोंड गोड, पाय जड!

तोवर तिनं माहेरची तहान लाकडावर भागवली. पुलाच्या वरच्या अंगाला नदीत पोलादी खांब रोवलेत. गाव त्यांना दंताळं म्हणतं. पुरात वाहून येणारी झाडं तिथं अडतात, म्हणून पूल टिकतो. पूर ओसरला की ओंडक्यावर जो आधी दगड ठेवील, ओंडका त्याचा. बुर्गल दगड ठेवायची तो फक्त लार्चवर, वरच्या डोंगरात वाढणाऱ्या त्या सूचिपर्णी झाडावर. म्हणायची, "आमच्या बाबांच्या रानातलं आहे." शेजारणी हसायच्या, "हिला माहेरची काटकीसुद्धा चंदन!"

यंदाच्या पुरात रात्रभर खांबांवर धडका बसल्या. सकाळी ती दगड घेऊन हजर. पोकलेनवाला रोमेड मोटरची करवत घेऊन वैतागून उभा होता.

"बुर्गलमावशी, एक बेणं मधल्या खांबावर तोंडानंच आदळलंय. आडवं आलं असतं तर चार खांबांनी मार वाटून घेतला असता. हा एकटाच वाकला बघ. दुपारी परत पाऊस आहे. मागून आणखी एक बसलं की खांब जाईल, मग पूल."

"लार्च आहे का रे?"

"लार्चच. ठेव दगड, म्हणजे कापतो."

ती जवळ गेली. ते झाड नव्हतंच. हातानं तासलेली चौकोनी तुळई होती, एका अंगानं चुलीच्या धुरानं काळी झालेली. त्यात तिच्या आईनं कढई टांगायला ठोकलेला वाकडा खिळा तसाच होता.

बुर्गल मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. कासियान धावत आला.

"आई, अगं काय झालं? या शनिवारी जाऊच आपण वर. शप्पथ!"

"आता कुठं जायचं रे?" तुळईवर हात फिरवत ती म्हणाली.

कासियाननं खिळा पाहिला आणि मान खाली घातली. रोमेडनं करवत खाली ठेवली. "मावशी, राहू देऊ का?"

तिनं वाकलेल्या खांबाकडे पाहिलं, मग पुलाकडे. पुलावरून मुलं शाळेला निघाली होती.

"नको, काप," ती म्हणाली. "खिळ्याला तेवढी करवत लावू नकोस."