रिकामी बॉडी

गल्लीच्या तोंडाशी जळलेल्या विजेच्या मोटारी पुन्हा गुंडाळून देणाऱ्याचं दुकान होतं. सगळे त्याला वायंडर म्हणत. दुकान कसलं, आठ पावलांची खोली. दारात उघडून ठेवलेल्या पंपांची लोखंडी धडं, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, आणि व्हार्निशचा वास असा की एकदा कपड्याला बसला की दोन धुण्यांत जायचा नाही. माणसाचे हात सोन्याचे होते. जीभ मात्र पत्र्याची. जिथे लागेल तिथे कापायची.

त्याचा एक ठरलेला शब्द होता, आणि त्या शब्दाला जन्मकथा होती. कधीकाळी एका गिरणीवाल्याने जुन्या बाजारातून मोटार आणली. रंग नवाकोरा, वजन चोख, पण बटण दाबलं की हूं नाही की चूं नाही. वायंडरने झाकण उघडलं तर आत तारेचा पत्ता नव्हता. वजन भरावं म्हणून वाळूच्या पिशव्या कोंबल्या होत्या. गिरणीवाला मटकन खाली बसला आणि वायंडर हातातला हातोडा टेबलावर ठेवून पोट धरून हसला. त्या दिवसापासून जगातलं जे जे बाहेरून रंगवलेलं आणि आतून पोकळ, ते त्याच्या लेखी ‘रिकामी बॉडी’ झालं. ग्रह वाकडे म्हणून धंदा बसला, असं कोणी म्हणालं की रिकामी बॉडी. रक्तदाबासाठी मनगटात चुंबकाचं कडं घातलेला दिसला की रिकामी बॉडी. विश्वातल्या लहरींवर बोलणारे सगळे ‘कंपनवाले’. एखादीच्या अंगात कोणी येतं असं कळलं, तर तिने ‘भाडेकरू ठेवलाय’.

हे शब्द त्याने एकट्याने घडवले नव्हते. रोज सकाळी त्याच्या बाकावर निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर आणि औषधाच्या दुकानातला कंपाउंडर येऊन बसत. तिघांची ही टांकसाळ. एकाने शब्द पाडायचा, दुसऱ्याने घासायचा, तिसऱ्याने गल्लीत चालवायचा. आणि खरं सांगायचं तर त्यांची बाजू खोटी नव्हती. त्यांच्यामुळे दोघातिघांची फसगत टळली होती. रंगाऱ्याच्या पोराचा दमा फुंकरीने घालवायला निघालेला एक गुरू तर या तिघांनी बोलून बोलूनच पळवून लावला होता. पोर नीट औषधावर राहिलं. तेव्हापासून वायंडरला वाटायचं की आपली जीभ म्हणजे समाजकार्यच.

त्याला एक मोठी बहीण होती. दोन गल्ल्या सोडून राहायची, पडदे नि शाळेचे गणवेश शिवायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. तो पन्नाशी ओलांडून टकला झाला तरी ती त्याला बारक्याच म्हणायची. नवरा गेला त्या वर्षी ती मेलेल्यांशी बोलणाऱ्या कुठल्याशा बाईकडे जाऊन आली होती. वायंडरला ते कळलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात डबा घेऊन आली तेव्हा त्याने मास्तर-कंपाउंडरसमोर विचारलं, ताई, दाजींच्या तिकडे लाईट आहे का, की पंखा इथूनच गुंडाळून पाठवू. दोघे हसले. तीही हसली. डबा ठेवला आणि गेली. पुन्हा तिने तसलं काही काढलं नाही. ‘आमची ताई एका डोसात बरी झाली,’ असं तो पुढे कित्येक वर्षं सांगत फिरला.

तीच ताई एका सकाळी हातात पिशवी घेऊन आली. पिशवीतून तिने जेवणाच्या डब्याएवढं पांढरं खोकं काढलं. वर गुडघ्याचं चित्र, बाजूला लाल दिव्याचं भोक, खोक्यातून निघालेली वायर एका मऊ गादीला शिवलेली, गादीला बांधायचा पट्टा. म्हणाली, शेजारणीचं आहे, तिचे गुडघे धरतात. आठवडा झाला, दिवा लागत नाही.

कंपाउंडर लगेच सरसावून बसला. असली खोकी विकणारा माणूस त्यांच्या दुकानातही येऊन गेला होता, दुखणं ओढून घेतो म्हणत होता. वायंडरने चार स्क्रू काढले. आत दाराच्या घंटीचा एक गुणगुण्या, एक उडालेला लाल बल्ब, आणि हाताला जड लागावं म्हणून चिकटवलेली लोखंडाची पट्टी. गादीकडे गेलेली वायर शिवणीपाशीच संपली होती, आत नुसता कापूस. त्याने खोकं उताणं करून सगळ्यांना दाखवलं. गिरणीवाल्याच्या वाळूनंतर इतका अस्सल माल त्याच्या टेबलावर आला नव्हता.

‘तुझ्या शेजारणीला सांग,’ तो म्हणाला, ‘रिकामी बॉडी आहे. वर गादीसुद्धा दिलीय, निजायला.’

मास्तर खो खो हसले. ताईने पदराने कपाळ टिपलं.

‘दिवा लागेल का, तेवढं सांग.’

ठेव, बघतो, असं तो म्हणाला आणि ती गेली. असली वस्तू दुरुस्त करायची नाही हा त्याचा नेम होता. मोडीत टाकायची म्हणून त्याने खोकं उचललं आणि सवयीप्रमाणे पट्टा हातावर गुंडाळायला घेतला.

आता त्याच्या कामाची एक रीत सांगायला हवी. आलेली मोटार त्याला मालकाचं बोलणं ऐकल्याशिवाय कळायची. कुठे घासली, कुठे काळी पडली, कोणता नट किती वेळा फिरवलाय, हे बघून तो सांगायचा की पंप कोरडा चालवलाय किंवा पट्टा फार ताणलाय. माणसं लपवतात, लोखंड लपवत नाही, असं त्याचं म्हणणं. तर पट्टा गुंडाळता गुंडाळता तो संपेचना. कारखान्यातून आला तो वीतभर पांढरा पट्टा होता. त्याला पुढे हातभर निळं कापड जोडलं होतं. गणवेशाचं कापड. दुहेरी शिवण, टोकाला उलटे तीन टाके. ही शिवण त्याने लहानपणी स्वतःच्या चड्डीवर पाहिली होती.

त्याने पट्टा आपल्या गुडघ्याला लावून बघितला. दोन वेढे बसून वर लोंबत राहिला. मग तो उभा राहिला आणि पट्टा छातीभोवती घेतला. बरोबर बसला. निळ्या कापडावर बकलाची घडी एकाच जागी पडली होती, मळून चकाकत होती. आणि गादी डाव्या बाजूला, काखेच्या खाली येत होती.

वायंडरने खोकं तसंच उघडं पिशवीत घातलं आणि दुकान उघडं टाकून निघाला.

ताई मशीनवर होती. त्याला दारात बघून, त्याच्या हातातली पिशवी बघून तिने पायाने चाक थांबवलं. त्याने विचारलं, किती दिवस झाले. ती म्हणाली, नऊ महिने. आधी गाठ सदऱ्याच्या बटणाएवढी होती, आता दोऱ्याच्या रिळाएवढी. दुखत नाही फारसं. शिवणाची मापं सांगावीत तशा आवाजात तिने हे सांगितलं.

‘मला का नाही बोललीस?’

‘बोलले असते. आधी खोक्याचं सांगावं लागलं असतं.’ तिने सुईतला दोरा काढून पुन्हा ओवला. ‘मग तू काय म्हणाला असतास, बारक्या?’

त्याच्याजवळ उत्तर होतं. सगळ्या गल्लीला ते पाठ होतं. तो स्टूल ओढून बसला.

मग ती आपणहून बोलली. खोकं देणाऱ्याने सांगितलं होतं की अशा गाठीला सुरी लागली की ती अंगभर पसरते, दिव्याने हळूहळू विरते. तिचा त्यावर पुरता विश्वास होता असंही नाही. पण रात्री भीती वाटायची, दिवा लावला की ती कमी व्हायची आणि तासभर डोळा लागायचा. आठवडाभर दिवा नाही तर झोप नाही. कोणाकडे जाणार? लाईटचं काम करणारा तिच्या ओळखीत एकच होता.

दवाखान्यात चल, तो म्हणाला. तिने मान हलवली. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा ती म्हणाली की दिवा लावून दे, मग येते.

इथे वायंडर अडला. बायकांच्या नाही, पुरुषांच्याही नाही, कोणाच्या थोतांडाला त्याने आजवर तार जोडली नव्हती. खोटा दिवा लावून द्यायचा म्हणजे त्या विकणाऱ्याचं काम आपण करायचं. न लावावा तर ही जागची हलणार नाही, हेही तो ओळखून होता. आईमागे ज्या हट्टाने तिने याला शिकवला, तो हट्ट त्याच्या ओळखीचा होता.

‘ताई, यात दिवा आहे. दिव्यावाचून दुसरं काही नाही,’ तो म्हणाला. ‘दिवा म्हणून लावून देतो. औषध म्हणून नाही.’

‘मी दिवाच मागितला.’

तो दुकानात परत आला. नवा बल्ब काढला, सांध्यांवरचं जुनं शिशाचं डाखकाम खरवडून नवं दिलं, वायरीवर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवली. पंपाच्या मोटारीचं काम जेवढ्या निगुतीने करायचा तेवढ्याच निगुतीने. मास्तर बघत होते. त्याने गुणगुण्या तेवढा काढून टाकला, झोपेत कानाशी नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी ताईने शब्द पाळला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुईने तुकडा घेतला, आणि निकाल आल्यावर वायंडरला बाहेर बोलावून विचारलं की इतके दिवस काय करत होतात. लवकर आला असतात तर काम सोपं होतं. त्याने बहिणीकडे बोट दाखवलं नाही, खोकं विकणाऱ्याकडेही नाही. घरात बोलणं नव्हतं, एवढंच म्हणाला.

गाठ काढली. पुढची औषधं झाली, केस गेले, परत आले. ताई आणखी तीन वर्षं जगली. त्यातली दोन बरी गेली, तिसरं नाही. लाल दिवा शेवटपर्यंत उशाशी होता. बल्ब उडाला की तो बदलून द्यायचा. तिने पुन्हा पट्टा बांधला नाही.

खोकं विकणारा मधल्या काळात गल्लीत आला होता. वायंडरने त्याला बाकावर बसवून त्याचंच खोकं लोकांसमोर उघडून दाखवलं, पट्टीसकट, कापसासकट. तो परत फिरकला नाही. म्हणजे वायंडर मवाळ झाला असं कोणी समजू नये. त्याचं मत तसूभर हललं नव्हतं. फक्त ‘रिकामी बॉडी’ हा शब्द त्याच्या तोंडातून कायमचा गेला. कंपाउंडरच्या तोंडी एकदा आला तेव्हा वायंडरने व्हार्निशचा डबा त्याच्यासमोर जरा आपटूनच ठेवला.

अजूनही कोणी चुंबकाचा पट्टा, कोणी लहरींची चटई घेऊन येतं, तार निघालीय का बघा म्हणतं. तो ती वस्तू उघडत नाही आधी. कुठे मळलीय, कुठे घडी पडलीय ते बोटाने चाचपतो. मग स्टूल पुढे सरकवतो आणि विचारतो, किती दिवस झाले दुखायला.

काहीजण बसतात आणि सांगतात. काहीजण वस्तू उचलून निघून जातात. त्यांच्या मागे तो दारापर्यंत जातो, पण हाक मारायची कशी ते त्याला अजून जमलेलं नाही.