आणखी कोणाले काही सांगाचं हाय?

दामूभाऊ गेले त्या सकाळी माझा चष्मा सापडत नव्हता. फोन मात्र सारखा वाजत होता. आमच्या सेवा मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं आणि सुविचार पडतात, तेच असतील म्हणून मी वैतागून सुनेला म्हटलं, बघ बाई, सकाळी सकाळी कोण एवढं उतू चाललंय. तिनं वाचलं. खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "बाबा, बसा आधी..." चष्मा माझ्या कपाळावरच होता, तोही तिनंच खाली ओढून दिला. ज्या माणसानं गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवले, त्याच्या जाण्याची बातमी मला दुसऱ्याच्या डोळ्यांनी कळली. त्याला आता सव्वा महिना झाला. लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलो.

मोहाडीत तहसील कार्यालयाच्या रस्त्याला दामूभाऊंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, काचेचं एक कपाट आणि त्यामागे एक माणूस. लोक मोबाइलवर वेळ पाहू लागले आणि गिऱ्हाईक आटलं, पण भाऊंनी दुकान उघडायची वेळ कधी चुकवली नाही. मी तिथल्याच हायस्कुलात कारकून. त्यांनीच मला ओढत मंडळात नेलं. पंधरा-सोळा जणांचं आमचं मंडळ. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक. रक्तदान, उन्हाळ्यात पाणपोई, पावसाआधी गावतळ्याच्या पायऱ्यांची सफाई, अशी कामं. बैठक कमी आणि पोहेच जास्त, असं आमच्या बायका म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं. पण पोह्यांच्या बशा फिरण्याआधी दामूभाऊ, ते तेव्हा अध्यक्ष होते, एक गोष्ट न चुकता करत. "आणखी कोणाले काही सांगाचं हाय?" असं विचारत आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत जात. घाई नाही. मग कुणी सांगायचा, पोरगा घरात बोलत नाही. कुणी म्हणायचा, भावाशी बांधावरून वाजलं. मंडळाच्या वहीत यातलं काही यायचं नाही, पण मंडळ खरं तेवढ्यातच होतं, असं मला आता वाटतं.

चष्म्यांचं काम त्यांच्याच डोक्यातून निघालं. माणूस गेला की घरचे त्याचे कपडे देतात, गादी देतात, चष्मा मात्र कोनाड्यात धूळ खात पडतो. तेरवी झाली की भाऊ त्या घरी जात. आधी कधीच नाही. पाणी पीत, गेलेल्या माणसाच्या दोन गोष्टी ऐकून घेत आणि उठताना हळूच चष्म्याचं विचारत. दुकानात आणून त्याचे स्क्रू कसत, तुमसरच्या चष्मेवाल्याकडून नंबर काढून आणत, साबणाच्या पाण्यात धूत आणि दांडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर नंबर, आणि खाली गेलेल्या माणसाचं गाव. कारण नियम कडक होता. ज्या गावचा माणूस, त्या गावात त्याचा चष्मा द्यायचा नाही. ज्यांचा आठवडी बाजार एक, त्या गावांतही नाही. मोहाडीकडचे चष्मे चिखल्याला नाहीतर आंबागडला जायचे, तिकडचे इकडे यायचे. मी एकदा म्हटलं, भाऊ, एवढे कायदे कशाला? ते म्हणाले, "घरच्यायले तो दुसऱ्याच्या तोंडावर दिसला तं माणूस दुसऱ्यांदा मरते, वसंता."

आंबागडचं एक शिबिर मला अजून दिसतं. किल्ल्याच्या पायथ्याशी शाळेचा व्हरांडा, समोर जंगलातून आणि शेतातून आलेली म्हातारी माणसं ओळीनं बसलेली. अक्षरांचा तक्ता तिथे कामाचा नव्हता. भाऊ थाळीत तांदूळ घेत आणि त्यात बारीक खडे टाकत. खडा उचलता आला की चष्मा बसला. एका म्हातारीनं खडा उचलला तर खरा, पण तो टाकायचा सोडून ती आपल्या हाताकडेच बघत बसली. "अवं माय, माहा हात केवढा बुढा झाला!" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. आम्हीही हसलो. दुपारी मोहाच्या झाडाखाली सगळ्यांनी डबे सोडले, तेव्हा मी बघितलं, भाऊ जेवतच नव्हते. म्हणाले, बिचारीला उगाच दाखवलं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख. बारा वर्षं झाली तिला. मोहाडी भागातल्या शिबिराच्या आदल्या दिवशी चष्मे धुवायला मी बसलो होतो. दोन चिठ्ठ्या भिजून शाई पसरली. भाऊंना विचारायला दुकान शंभर पावलांवर होतं, पण मला कंटाळा आला. आठवणीनं दोन्ही लिहून काढल्या, दोऱ्यानं बांधल्या, आणि त्यांची अदलाबदल झाली. त्यातला एक चष्मा आमच्या शाळेतल्या दिवंगत गुरुजींचा होता, मोहाडीचाच. जाड तपकिरी काड्या, एका बिजागरीला गुरुजींनी स्वतःच्या हातानं गुंडाळलेली तांब्याची तार. त्याला दूरच्या गावाची चिठ्ठी लागली, आणि तो गेला शेजारच्याच गावातल्या एका भाजीवालीकडे. पुढच्याच बाजारात गुरुजींची बायको वांगी घ्यायला तिच्यासमोर वाकली. असं सांगतात, की तिनं ती तार ओळखली. पिशवी तिथेच राहिली, आणि ती जी घरी गेली ती पुन्हा कधी बाजारात आली नाही. भाजीवालीला कुणीतरी कारण सांगितलं, तर तिनं चष्मा पदरात गुंडाळून परत आणून दिला. तिनं तरी काय करावं!

त्या रविवारी गुरुजींचा मुलगा बैठकीत आला. तो माझ्याच शाळेत शिक्षक, त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून. माझा बाप तुम्ही बाजारात बसवला, असं तो म्हणाला आणि रडायला लागला. मी जमिनीकडे बघत होतो. तेवढ्यात दामूभाऊ उठले. "चिठ्ठ्या मी बांधतो. चूक माही हाय," म्हणाले, आणि त्या मुलापुढे हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, त्यांना खरंच तसं वाटतंय. मला वाटलं, उद्या सांगू. खोटं कशाला बोलू... मला हायसं वाटलं होतं.

त्यांनी अध्यक्षपद सोडलं. चष्म्यांची पेटी माझ्या हवाली केली. गावात काहीबाही उठलं, घड्याळजी मेलेल्यांचे चष्मे विकतो इथपर्यंत. ज्या घरांत त्यांना पाणी मिळायचं त्या घरांत आता मी जाऊ लागलो, आणि तीन वर्षांनी त्याच कामासाठी मंडळानं मला शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत भाऊही होते. ते मागच्या बाकावर बसत, पण बैठकीच्या शेवटचा प्रश्न सगळ्यांनी त्यांच्याकडेच ठेवला होता. दर रविवारी ते विचारत आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत जात. माझ्यापाशी येत, थोडं थांबत, पुढे जात. बारा वर्षांचे रविवार मोजायला बसलो तर मला माझीच किळस येते. या काळात गुरुजींची बायको गेली. मुलगा निवृत्त होऊन लेकीकडे निघून गेला. सांगण्यासारखी माणसं एकेक करून कमी होत गेली आणि मी मात्र योग्य वेळेची वाट पाहत राहिलो.

शेवटची भेट त्यांच्या घरी, जाण्याच्या आठ दिवस आधी. छातीत पाणी झालं होतं, उशीला टेकून बसले होते. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. बोललो काय, तर यंदा धानाचे रोवणे लांबले, युरिया मिळत नाही... त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणखी काही सांगाचं हाय, वसंता?"

"नाही भाऊ," मी म्हटलं.

"बरं. मंग जा आता, ऊन वाढते."

त्यांच्या तेरवीनंतरच्या रविवारी बैठक झाली. विषय संपले, नव्या अध्यक्षांनी वही मिटली, बशा फिरायला लागल्या. तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. म्हणून मी न विचारताच उठलो आणि सगळं सांगितलं. सगळे ऐकत होते, नाही असं नाही. निम्म्यांना तर ते प्रकरणच ठाऊक नव्हतं. शेवटी एक जण म्हणाला, जाऊ द्या ना सर, आता कायले? आणि माझ्या पुढ्यात बशी ठेवली. ज्या एका तोंडाकडे बघून हे बोलायला हवं होतं ते तिथे नव्हतं. मग कुणीतरी आठवण केली, की भाऊंचा चष्मा आणायला हवा, पेटी तुमच्याकडेच आहे ना.

गेलो. वहिनींनी पाणी दिलं. भाऊंच्या दोन गोष्टी सांगितल्या, मी ऐकल्या. चष्म्याचं मला विचारवेना. त्यांनीच आतून डबी आणली. उघडून बघितलं, तर दांडीला दोरा आणि चिठ्ठी आधीच बांधलेली.

"त्यायनंच लिहून ठेवली, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मले बजावून ठेवलं होतं. माह्या चष्म्याची चिठ्ठी वसंताले लिहाले नको लावजो. एक चुकली तं बारा वर्षं झोपला नाही तो."

त्या सहज बोलल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मी चिठ्ठी उजेडाकडे धरली. चिठ्ठीवर घड्याळजीचं बारीक अक्षर, नंबर, आणि खाली, मोहाडीत देऊ नये.

शिबिर पुढच्या महिन्यात आंबागडला आहे. चष्मा देताना दांडीची चिठ्ठी सोडून घ्यावी लागते, आणि ही मलाच सोडायची आहे.